डिसेंबरच्या सुट्टीतली वाइन: बैठकीत नको, ताटाशी आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एरवी शनिवारी रात्री एखाद-दोन ग्लास, बाकी आठवडाभर काही नाही. पण नाताळपासून संक्रांतीपर्यंत घरी पाहुणे, मित्रांकडची जेवणं, 31 तारीख, मध्येच नाशिकची फेरी, आणि या तीन आठवड्यांत पिणं जवळजवळ रोजचं होतं. सकाळी डोकं जड असतं, फ्रिजच्या दारात अर्ध्या उघड्या बाटल्या साचतात, आणि इतकं पिऊनही कुठली वाइन चांगली होती ते आठवत नाही. तेव्हा काय आणावं, कशाशी प्यावं, किती प्यावं आणि उरलेल्या वाइनचं काय करावं?

मी नाशिकला, गंगापूर धरणाच्या पट्ट्यात, वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये बरीच वर्षं काम केलं. आता हॉटेलांत नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना वाइन वाढायला शिकवतो. डिसेंबरात पुण्या-मुंबईहून येणारी मंडळी जे विचारतात तेच तुम्ही विचारलंय. तुमच्या चारही प्रश्नांचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं: आपल्याकडे वाइन जेवणाआधी पितात.

आपली बसायची पद्धत व्हिस्की आणि रमची आहे. आठला बसायचं, समोर चखणा, गप्पा रंगतात, ग्लास भरले जातात आणि अकराला कुणीतरी म्हणतं, चला, आता जेवून घेऊ. तोवर भूक मेलेली असते. वाइन घरात आली तेव्हा तीही याच पद्धतीत जाऊन बसली. खरं तर वाइन आंबट असते, लाल असली तर तुरटही असते, आणि त्या चवीचं काम घासासोबतच आहे. तोंडातलं तेल-तूप धुऊन काढायचं आणि पुढच्या घासाला जीभ ताजी ठेवायची. घासच नसेल तर तोच आंबटपणा पोटाला जाणवतो आणि तुरटपणा जिभेवर बसून राहतो. मग लोक म्हणतात, आम्हाला गोड वाइनच आवडते. जेवणाशी दिली तर त्याच लोकांना ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आवडल्याचं मी पुष्कळदा पाहिलंय.

रिकाम्या पोटाचा मुद्दा चवीपुरता नाही. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जातं. पोटात जेवण असेल तर ते जठरात रेंगाळतं आणि हळूहळू पुढे सरकतं. पोट रिकामं असेल तर झरझर जातं आणि पहिल्याच ग्लासाला चढते. त्यात चखणा म्हणजे फरसाण, मसाला शेंगदाणे, चकली. मीठ आणि तिखट दोन्ही तहान लावतात आणि समोर पाण्याचा तांब्या नसतो, वाइनची बाटली असते. लाल वाइनचा तुरटपणा तिखटाने आणखी बोचतो आणि अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं. मसाला शेंगदाण्यांसोबत कॅबर्नेसारखी तुरट लाल वाइन पिऊन कुणाला वाइन आवडली नाही, तर त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हा: बाटली पानं वाढल्यावर उघडा. पाहुण्यांना साडेसातला बोलवा, साडेआठला पानावर बसा. मधल्या तासात कोथिंबीर वडी, मटार करंजी, गरम सूप असं खरंखुरं खाणं असू द्या आणि हवा तर त्यासोबत लहानसा एक ग्लास. बाकीची वाइन जेवणासोबत. एवढा एक बदल केलात तर पिण्याचं प्रमाण आपोआप उतरतं, कारण जेवण संपलं की पिणंही संपतं. बैठकीला असा शेवट नसतो.

आता प्रमाण. बाटली 750 मिलिलिटरची असते. 150 मिलिलिटरचा ग्लास धरला तर एका बाटलीत पाच ग्लास. वाइन 13 टक्क्यांची असेल तर एका ग्लासात सुमारे 15 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगात सुमारे 10 ग्रॅम असतं. म्हणजे मोजून ओतलेला वाइनचा एक ग्लास म्हणजे दीड स्मॉल पेग. आणि घरी कुणी मोजून ओतत नाही. मोठ्या गोल ग्लासात अर्ध्यापर्यंत ओतली तर सहज 200 ते 250 मिलिलिटर होते, म्हणजे लार्ज पेगाच्या बरोबरीची किंवा थोडी जास्तच. ‘वाइनच तर आहे’ असं म्हणून चार ग्लास घेणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वयंपाकघरातल्या मापाच्या कपाने करून पाहावा. 150 मिलिलिटर तुमच्या ग्लासात कुठवर येतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलंत की पुढे कप लागत नाही.

ब्रिटनच्या आरोग्य खात्याची मर्यादा आठवड्याला 14 युनिटची आहे, एक युनिट म्हणजे 8 ग्रॅम. वाइनच्या भाषेत ती साधारण दीड बाटली होते, आणि तीही तीन-चार दिवसांत विभागून. रोज अर्धी बाटली म्हटली तर आठवड्याला साडेतीन बाटल्या होतात, म्हणजे दुपटीहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने 2023च्या जानेवारीत आणखी स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला अजिबात धोका नाही असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. वाइन माझं पोट चालवते, तरीही हे मी प्रत्येक वर्गात सांगतो. लाल वाइन हृदयाला चांगली म्हणून पिऊ नका. चव आवडते म्हणून प्या, आणि चवीसाठी दोन ग्लास पुरतात.

सुट्टी लागायच्या आधीच कॅलेंडर समोर घेऊन वाइनचे दिवस ठरवा. आठवड्याला तीन, त्याहून जास्त नकोत. नाताळचं जेवण, 31ची रात्र, एखादं जुन्या मित्रांचं जेवण. बाकीच्या दिवशी घरी कुणी आलं तरी बाटली उघडायचीच असं काही नाही, सोलकढी आहे, आल्याचा चहा आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, झोपेच्या गोळ्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला अजिबात नको, घोटभरसुद्धा.

आग्रहाबद्दलही बोललं पाहिजे. मराठी घरात पाहुण्याला आग्रह केल्याशिवाय वाढणाऱ्याला चैन पडत नाही. श्रीखंडाला, पुरणपोळीला तो शोभतो. वाइनला आग्रह करू नका. कुणी ग्लासावर हात ठेवला तर पुन्हा विचारायचं नाही आणि कारणही विचारायचं नाही. अर्धा ग्लास संपला की वरून भरत राहायची सवयही सोडा. पिणाऱ्याला आपण किती घेतली हे कळायचा तेवढा एकच मार्ग असतो, ग्लास संपणं, आणि तो आपण बंद करून टाकतो. हॉटेलात वाढणाऱ्या मुलांनाही मी हेच शिकवतो, विचारल्याशिवाय भरू नका.

किती आणायची याचं उत्तर यातूनच निघतं. आठ माणसं जेवायला असतील आणि त्यातली पाच पिणारी असतील, तर दोन बाटल्या बास. एक पांढरी, एक लाल. तिसरी कपाटात असू द्या, पण उघडू नका.

आता कशाशी काय, कारण खरी गंमत इथे आहे. हिवाळ्यातलं आपलं जेवण वाइनला जुळत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. मात्र फ्रेंच पुस्तकातली जोडी उचलून आणली तर जुळत नाही हे खरं.

आपल्या स्वयंपाकाला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं द्राक्ष म्हणजे पांढऱ्या वाइनचं शेनिन ब्लां. राजीव सामंत यांनी 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात नाशिकला वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि 2000 साली त्यांच्या सुला वायनरीच्या पहिल्या वाइन बाजारात आल्या, त्यांत शेनिन होती आणि सोव्हिनियों ब्लांही होती. आज बहुतेक महाराष्ट्रीय वायनरींची एखादी शेनिन असतेच. तिच्यातला आंबटपणा चांगला ठसठशीत असतो आणि बऱ्याच जणांच्या शेनिनमध्ये थोडी गोडीही ठेवलेली असते. ती थोडी गोडीच तिखटाशी जमवून घेते. ठेचा, लसणाची चटणी, तिखट रस्सा, पानात हे असेल तर डोळे मिटून शेनिन आणा आणि चांगली गार करा. लोक ‘गोडसर’ म्हणून तिला हलकी समजतात. झणझणीत जेवणाशी तिच्याइतकी कामाची दुसरी वाइन मला तरी माहीत नाही.

वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी असेल तर सोव्हिनियों ब्लां, हीही पांढरीच. भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास, वरचा कच्चा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, आणि वाइनलाही तसाच हिरवा वास असतो, थोडा पेरूचा, थोडा कापलेल्या गवताचा. भाकरीवरचं लोणी तिचा आंबटपणा मऊ करतं. ही जोडी मी अनेक परदेशी पाहुण्यांना दिली आहे आणि ती कधी फसली नाही.

रायगडात अलिबाग-पेणकडे याच दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, कधी मसाला लावलेलं चिकन आणि अंडी, आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. त्याच्यासोबत लाल वाइन नेऊ नका, वालाचा कडसरपणा आणि वाइनचा तुरटपणा एकमेकांना वाढवतात. थंड केलेली ड्राय रोझे न्या. रोझेला आपल्याकडे ‘ना धड लाल ना पांढरी’ म्हणून कुणी हात लावत नाही, आणि पोपटीसारख्या जेवणाला नेमकी तीच लागते. हुरडा मात्र सकाळचा असतो. तिथे ताकच बरं.

मटणाबद्दल जास्त सांगावं लागेल, कारण मटण म्हटलं की लाल वाइन हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलंय. सुक्या मटणाला, भाजलेल्या खोबऱ्याच्या काळ्या मसाल्याला शिराज ही लाल वाइन सुरेख लागते. शिराजला स्वतःचा काळ्या मिरीसारखा वास असतो आणि तो मसाल्यात मिसळून जातो. पण तांबड्या रश्श्यासोबत तीच शिराज तोंडात आग लावते. तिथे पुन्हा शेनिन, किंवा फार तुरट नसलेली, थोडी गार केलेली हलकी लाल. पांढरा रस्सा वेगळा. नारळाचं दूध, खसखस, काजू, मटणाचा अर्क. त्याला लाकडाच्या पिंपात मुरवलेली पांढरी शार्डने द्या. अकलूजच्या फ्राटेली वायनरीची चालेल. कोल्हापुरी जेवणात एकच बाटली उघडायची असेल तर मी रश्श्यांकडे बघून पांढरी उघडतो, मटणाकडे बघून लाल नाही.

तळलेली सुरमई, कुरकुरीत बोंबील, किंवा शाकाहारी घरात गरम भजी आणि बटाटेवडे, या सगळ्या तळणाला ब्रूट, म्हणजे फसफसणारी ड्राय वाइन. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून तेल साफ करतात. स्पार्कलिंग वाइन फक्त रात्री बाराला उडवायची हा समज जावा असं मला फार मनापासून वाटतं.

नाताळचं जेवण वसईच्या किंवा वांद्र्याच्या मित्रांकडे असेल, किंवा सुट्टीत गोव्याला असाल, तर सोरपोटेल, विंदालू समोर येईल. त्यात व्हिनेगर असतं, आणि व्हिनेगरपुढे कमी आंबट वाइन पाणचट लागते. म्हणून पुन्हा आंबटपणा चांगला असलेली वाइन घ्या, शेनिन किंवा रोझे. गोडाचा नियम एकच: वाइन पदार्थाहून गोड हवी. प्लम केक, बेबिंका, दोदोल यांच्याशी ब्रूट शॅम्पेनच काय, कुठलीही ड्राय वाइन लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागते. केक कापताना ब्रूट उघडायची रीत सगळीकडे पडली आहे, आणि तिच्यात केक आणि वाइन दोन्हींची चव जाते. त्याऐवजी लेट हार्वेस्ट शेनिन आणा. घड वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढवून केलेली ही गोड वाइन असते. सुला आणि निफाडजवळची रेव्हेइलो दोघांची मिळते. ती 375 मिलिलिटरच्या लहान बाटलीतही येते, आणि सहा जणांना केकसोबत तेवढी पुरते. हीच वाइन संक्रांतीला तिळाच्या वडीसोबतही घेऊन पाहा. गोव्याची पोर्ट वाइन बरेच जण नाताळला आणतात. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये आंबणं मध्येच थांबवायला द्राक्षाची ब्रँडी घालतात आणि अल्कोहोल 19-20 टक्क्यांवर जातं. गोव्याच्या बहुतेक स्वस्त बाटल्या तशा नसतात, नुसत्या गोड असतात. केकच्या पिठात किंवा मनुका भिजवायला त्या छान, ग्लासात मला फार गोड होतात.

आता गारव्याचं. आपल्याकडे पांढरी वाइन अतिगार आणि लाल वाइन कोमट दिली जाते. लाल 16 ते 18 अंशांवर चांगली लागते, हलकी लाल त्याहून थोडी गार. पांढरी 8 ते 12 आणि फसफसणारी 6 ते 8 अंशांवर. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर येतो, पण संध्याकाळी माणसांनी भरलेल्या दिवाणखान्यात 23-24 अंश सहज असतात. त्या उष्णतेला लाल वाइनमधलं अल्कोहोल नाकात जातं आणि फळाचा वास मागे पडतो. म्हणून थंडीतही लाल बाटली जेवणाआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी ओता. घरात फ्रिज पाहुण्यांच्या जेवणाने भरलेला असेल तर लाल बाटल्या आदल्या रात्री गॅलरीत ठेवल्या तरी चालतात, फक्त सकाळी ऊन यायच्या आत उचला. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, मूठभर मीठ टाका, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फाने होत नाही, कारण बर्फाचे खडे बाटलीला जागोजागी टेकतात आणि मध्ये हवा राहते.

खरेदीचं थोडक्यात सांगतो. वाइन शॉपमध्ये काचेच्या दर्शनी फळीवर, उन्हात किंवा दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नका, आतली मागा. लेबलावरचं साल पाहा. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, त्यामुळे पांढरी आणि रोझे याच वर्षाची किंवा गेल्या वर्षाची डिसेंबरात मिळायला हरकत नाही. त्याहून जुनी साधी पांढरी घेऊ नका. महाग लाल, उदाहरणार्थ फ्राटेलीची सेते किंवा बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, दोन-तीन वर्षं जुनी असली तर उलट चांगलंच. फिरकीचं झाकण पाहून बाटली हलकी समजू नका. पांढऱ्या वाइनला ते बुचापेक्षा चांगलं राखतं.

31 तारखेची बाटली. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने 1980च्या दशकातच फसफसणारी वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवली होती. म्हणजे आपल्याकडे ही परंपरा काही कालची नाही. बाटलीत पाच-सहा बार दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त, आणि डोळ्याला बूच लागून इजा होण्याचे प्रकार खरे आहेत. निदान तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, गरम बाटली हमखास उसळते. हलवू नका. वरची तार सैल करताना आणि केल्यावर अंगठा बुचावरून काढू नका. बाटली तिरपी धरा, तोंड माणसांपासून दूर. बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला की झालं. मोठा धमाका झाला तर त्यासोबत वायूही गेला आणि सतरंजीवर एक ग्लास वाइनही. ‘ब्रूट’ म्हणजे ड्राय, आणि गंमत म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली त्याहून थोडी गोड असते. नुसती पिणार असाल आणि घरच्यांना आंबट चालत नसेल तर एक्स्ट्रा ड्राय किंवा त्याहून गोड डेमी-सेक आणा.

गरम वाइनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जर्मनीला असलेल्या भाचे-पुतण्यांचे नाताळ बाजारातले फोटो आले की सगळ्यांना ग्लूवाइन करायची असते. करा, सोपी आहे. एक पेला पाण्यात दालचिनीचा एक तुकडा, चार-पाच लवंगा, एक चक्रीफूल आणि तीन-चार चमचे साखर घालून आधी दहा मिनिटं उकळा. याच दिवसांत नागपुरी संत्र्यांचा अंबिया बहार बाजारात असतो, त्यातलं एक संत्रं सालीसकट चकत्या करून टाका. मग आच अगदी मंद करून एक बाटली साधी, फळाच्या वासाची लाल वाइन ओता. वाफ दिसू लागली की बंद. उकळू देऊ नका, अल्कोहोल 78 अंशांनाच उकळून उडून जायला लागतं आणि संत्र्याची सालही कडू होते. मसाला आधी पाण्यात उकळायचं कारण हेच. गूळ घालू नका, त्याची खारट छटा वाइनमध्ये वर येते. महागाची बाटली यात घालायची नाही, आणि लाकडात मुरवलेली तर मुळीच नाही.

गरम असो की गार, वाइनने थंडी जात नाही. अल्कोहोलने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटतं, पण त्याच वाटेने शरीराची उष्णता बाहेर जाते. शेतावर, गच्चीवर शेकोटीभोवती बसणार असाल तर स्वेटर-कानटोपी अंगावर असू द्या, वाइनच्या भरवशावर काढू नका.

सकाळच्या डोकेदुखीला सगळे सल्फाइटला, म्हणजे वाइन टिकवायला घालतात त्या द्रव्याला, दोष देतात. लाल वाइनपेक्षा पांढरीत साधारणपणे सल्फाइट जास्त असतं आणि सुक्या जर्दाळूत त्याहून कितीतरी जास्त, तरी जर्दाळू खाऊन कुणाचं डोकं दुखत नाही. सल्फाइटचा त्रास काही दमेकऱ्यांना खरोखर होतो, त्यांनी जपावं. बाकीच्यांच्या डोकेदुखीचं कारण बहुतेकदा प्रमाण, रिकामं पोट, कमी पाणी आणि कमी झोप. लाल वाइनच्या अर्ध्या ग्लासानेच ज्यांचं डोकं धरतं त्यांच्याबद्दल कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2023 मध्ये एक शक्यता मांडली: द्राक्षाच्या सालीतलं क्वेर्सेटिन शरीरात गेल्यावर अल्कोहोल पचवण्याच्या एका टप्प्यात अडथळा आणतं. ते प्रयोगशाळेतलं काम आहे, माणसांवर सिद्ध व्हायचं आहे. तुम्हाला लाल सोसत नसेल तर कारण काही का असेना, पांढरी प्या. प्रत्येक ग्लासाबरोबर एक ग्लास पाणी ठेवा, ते बाटलीइतकंच हाताशी असलं पाहिजे. दोन वाइनच्या मध्ये व्हिस्की किंवा बिअर नको, कारण तिथे मोजणी सुटते.

उरलेली वाइन. तिचा शत्रू हवा आहे, त्यामुळे अर्धी रिकामी मोठी बाटली तशीच ठेवणं सगळ्यात वाईट. झाकणाची लहान काचेची बाटली स्वच्छ धुऊन ठेवा आणि जेवतानाच, पहिल्या ग्लासाआधी, त्या रात्री लागणार नाही एवढी वाइन तिच्यात गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये टाका. आठवडाभर चांगली राहते. दोघंच जेवणार असाल तर हा रिवाजच करा, अर्धी बाटली आज, अर्धी पुढच्या शनिवारी. नुसतं बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर लाल, पांढरी दोन्ही तीन-चार दिवस टिकतात. लाल वाइनही फ्रिजमध्येच ठेवायची, बाहेर ठेवली तर दोन दिवसांत उतरते. फसफसणारीला खास पकडीचं झाकण लागतं आणि दुसऱ्या दिवशी ती संपवावी. बाटलीच्या तोंडात चमचा उभा करून बुडबुडे राहतात हे खोटं आहे. चव गेलेली लाल वाइन मटणाच्या मॅरिनेशनला अर्धी वाटी चालते. घरात लहान मुलं असतील तर एवढं लक्षात घ्या, की अर्धा तास शिजवल्यावरही मूळ अल्कोहोलचा सुमारे तिसरा हिस्सा शिल्लक राहतो. तेव्हा त्यांचं मटण वेगळं काढा.

राहिली नाशिकची फेरी. डिसेंबरात बागा बघण्यासारख्या असतात, आणि युरोपातल्या लोकांना याचं फार नवल वाटतं, कारण त्यांच्या वेली तेव्हा निष्पर्ण असतात. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि पावसाच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. त्यामुळे डिसेंबरात घड भरत असतात, लवकर छाटलेल्या बागांत मण्यांत पाणी उतरायला लागलेलं असतं आणि शिराजचे हिरवे मणी जांभळे व्हायला लागतात. याच दिवसांत निफाडचा पारा कधी कधी 5-6 अंशांवर जातो, आणि शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवून मणी तडकू नयेत म्हणून जागतात. अवकाळी पाऊस किंवा धुकं आलं तर डाउनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांची धास्ती. तुम्ही बागेच्या कडेला उभे राहून फोटो काढाल तेव्हा आत कुणाचं तरी वर्षभराचं पीक टांगणीला लागलेलं असतं. म्हणून सरीत शिरू नका आणि मणी तोडू नका.

नाताळ ते 1 जानेवारी या आठवड्यात मात्र येऊ नका असंच मी सांगेन. टेस्टिंग रूममध्ये उभं राहायला जागा नसते, ओतणाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, आणि वाइन शिकायची तर ते बोलणंच महत्त्वाचं. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, मधल्या वारी या. तेव्हा तोडणी चालू असते, ट्रॅक्टरमधून क्रेट उतरतात, टाक्यांतून आंबण्याचा वास येतो. वाइनची द्राक्षं खाऊन पाहायला मागा. लहान, जाड सालीची, बियांची, आणि बाजारातल्या द्राक्षांपेक्षा कितीतरी गोड असतात. पोटभर नाश्ता करून सकाळी अकराच्या सुमाराला टेस्टिंग घ्या, तेव्हा जीभ ताजी असते. चार-पाच वाइन चाखायच्या असतील तर थुंकायचं भांडं मागून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आम्ही रोज तेच करतो. आवडलेल्या बाटलीच्या लेबलाचा फोटो काढा आणि खाली लिहा, कशासोबत प्यायली.

गाडी कोण चालवणार हे निघायच्या आधी ठरवा आणि त्याला चाखायलाही देऊ नका. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे, ती एखाद-दोन ग्लासांत ओलांडते, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शरीर तासाला साधारण 8 ग्रॅमच अल्कोहोल पचवतं. दोन ग्लास पचायला चार तास लागतात, आणि कॉफीने किंवा लिंबूपाण्याने ते लवकर होत नाही. कसारा घाटात धुकं असतं, संध्याकाळी परतीची गर्दी असते. जमलं तर एक रात्र नाशिकला राहा आणि सकाळी मिसळ खाऊन निघा.